धुऱ्यावरची सूचना : नेतृत्वातील चिकित्सा आणि अपेक्षांची स्पष्टता

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले मारेगाव आणि त्याच्या तालुक्यातील मार्डी, कुंभा यांसारखी गावे मुख्यतः कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगतात. अशा प्रदेशात नेतृत्व हा शब्द आमदार, अधिकारी आणि संस्थाचालक यांच्यासाठीच राखून ठेवला, तर गावगाड्याचा बहुतेक कारभार त्या शब्दाच्या बाहेर राहतो. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून चार मजुरांना दिवसाचे काम नेमून देणारा शेतमालक, निंदणाला बायकांची टोळी घेऊन येणारी बाई, बचत गटाची अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, पाचसहा गावांचा भार सांभाळणारा कृषी सहायक, हे सर्व जण रोज दुसऱ्याच्या श्रमाला दिशा देतात, आणि त्या दिशेचा परिणाम दुसऱ्याच्या शरीरावर, मजुरीवर व वेळेवर होतो. ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचा दिवस ठरतो तो नेता, एवढी व्याख्या या लेखापुरती पुरेशी आहे.

नेतृत्वाविषयीच्या लेखनात दोन गुणांचा उल्लेख हमखास येतो, एक चिकित्सक विचार आणि दुसरा अपेक्षांची स्पष्टता. पहिला गुण बुद्धीचा आणि दुसरा बोलण्याचा, असे मानून त्यांचे धडे बहुधा वेगवेगळे दिले जातात. प्रत्यक्षात ही एकाच कामाची दोन टोके आहेत, कारण ज्याने स्वतः नीट विचार केलेला नाही त्याला स्पष्ट सांगता येत नाही, आणि ज्याला आपली सूचना शेवटच्या माणसाच्या हातात नेमकी काय होऊन पोहोचते हे पाहावेसे वाटत नाही त्याचा विचार अर्धाच राहिलेला असतो. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या खरिपात या दोहोंच्या अभावाची जी किंमत मोजली, तिच्याइतका कठोर पुरावा या विषयावर दुसरा क्वचितच सापडेल.

त्या घटनेकडे वळण्यापूर्वी ‘चिकित्सक’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे, कारण बोलीत हा शब्द थोडा बदनाम आहे. ‘फार चिकित्सक माणूस’ म्हटले की प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा, कामात खोडा घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. विचारशास्त्रात मात्र चिकित्सा म्हणजे एखादे विधान स्वीकारण्यापूर्वी त्याचा आधार तपासणे, त्याच घटनेचे दुसरे स्पष्टीकरण संभवते का ते पाहणे, आणि आपले म्हणणे चुकीचे असेल तर ते कशावरून कळेल हे आधीच ठरवणे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० साली ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात अशा विचाराचे मर्म निर्णय काही काळ रोखून धरण्याच्या क्षमतेत पाहिले. संशय सहन करता आला पाहिजे, तपास पूर्ण होईपर्यंत उत्तराची घाई आवरता आली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा गुण शेतीत विशेष अवघड ठरतो, कारण पिकावर अळी दिसत असताना थांबून मोजणे हे मनाला आळसासारखे वाटते आणि पंप पाठीवर चढवणे हे कर्तबगारीसारखे.

२०१७ च्या पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, आणि शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इतरत्र उपचारांसाठी दाखल करावे लागले. शासनाने चौकशीसाठी अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या व मिश्रणांच्या विक्रीवर अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. यांपैकी मोनोक्रोटोफॉससारखी औषधे सेंद्रिय फॉस्फरस गटातील असतात. शरीरात मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश पोहोचल्यावर तो संदेश पुसून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, करीत असते, आणि हे औषध नेमके त्या विकरालाच बांधून टाकते. त्यामुळे संदेश पुसलाच जात नाही, डोळ्यांसमोर अंधारी येते, लाळ व घाम सुटतो, उलट्या होतात, छाती भरून येते आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू थकतात. हे विष पोटातूनच जाते असे नाही. ते त्वचेतून आणि श्वासातूनही शिरते, हीच गोष्ट अनेक फवारणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

त्या हंगामात अनेक कारणे एकत्र आली. कपाशीची झाडे नेहमीपेक्षा उंच वाढली होती आणि अनेक ठिकाणी ती माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे फवारा खाली मारण्याऐवजी छातीच्या व तोंडाच्या उंचीवर मारावा लागत होता. हवा दमट आणि उष्ण होती, अंगावर घाम होता, आणि ओल्या त्वचेतून विष अधिक सहज शिरते. हातपंपाच्या जागी आलेले ताकदीचे पंप अधिक बारीक तुषार सोडत होते, आणि असे तुषार हवेत जास्त वेळ तरंगतात. दोन-तीन कीटकनाशके, त्यांत एखादे वाढीचे टॉनिक, असे मिश्रण एकाच टाकीत ओतण्याची पद्धत रूढ झाली होती. हातमोजे आणि मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांनाही त्या उकाड्यात ती सोसवत नव्हती. या प्रत्येक कारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नेतृत्वाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उत्पादकाच्या माहितीपत्रकापासून कृषी केंद्राच्या काउंटरपर्यंत आणि मालकापासून मजुरापर्यंत या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर सावधगिरीची सूचना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्तित्वात होती. कायद्याने बंधनकारक असलेला विषतीव्रतेचा रंगीत चौकोन डब्यावर छापलेला होता, ज्यात लाल रंग सर्वाधिक विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा अशी उतरंड असते. माहितीपत्रक बारीक अक्षरांत घडी करून खोक्यात ठेवलेले होते. प्रत्येक जण पुढच्याला ‘काळजी घ्या’ म्हणत होता, आणि या दोन शब्दांचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसासाठी नेमका अर्थ काय, हे ठरवण्याची जबाबदारी अखेर त्याच माणसावर येऊन पडत होती.

येथे पहिला प्रश्न चिकित्सेचा आहे, आणि तो फवारणी कशी करावी याच्याही आधीचा आहे. फवारणी मुळात करायची कशासाठी? २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, कारण २००६ पासून विकल्या जाणाऱ्या दुहेरी जनुकांच्या बीटी कपाशीलाही ही अळी दाद देईनाशी झाली होती. आता या अळीचे वैशिष्ट्य असे की अंड्यातून बाहेर आल्यावर ती अल्पावधीत पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्यामागे बोंडावरचे छिद्र बुजून जाते. बोंडाच्या आत बसलेल्या अळीवर बाहेरून मारलेला फवारा पोहोचत नाही. म्हणजे चुकीच्या वेळी केलेल्या फवारणीत औषधाचा डबा संपतो, मजुराच्या अंगावर विष बसते, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप ती अळी आत सरकी खात राहते. ‘हा फवारा नेमका कोणावर बसणार आहे?’ एवढा एक प्रश्न धुऱ्यावर विचारला गेला असता तरी अनेक फेऱ्या वाचल्या असत्या.

कीटकशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर मोजण्याजोग्या रूपात दिलेले आहे. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, म्हणजे किडीची संख्या ज्या मर्यादेला पोहोचल्यावर फवारणीचा खर्च न फवारता होणाऱ्या नुकसानीपेक्षा कमी ठरतो ती मर्यादा. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात एकरी दोन कामगंध सापळे लावायचे असतात. या सापळ्यांत मादीच्या वासाची गोळी असते आणि नर पतंग तिच्याकडे ओढले जातात. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, सलग तीन रात्री, असा हिशेब भरला की पातळी ओलांडली असे धरतात. दुसरी खूण डोमकळीची. अळीने पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकल्यामुळे जे फूल उमलू शकत नाही आणि मिटलेल्या गुलाबासारखे दिसते त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात, आणि शंभर फुलांत अशी दहा आढळली तर तीही पातळीच. तिसरी तपासणी सर्वांत खात्रीची आहे. शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या वीस झाडांवरून एकेक हिरवे बोंड तोडायचे, नखाने किंवा विळ्याने ते उकलायचे, आणि वीसपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिने केलेले नुकसान दिसले तर फवारणीचा विचार करायचा. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्र लागत नाही, वाचता येणेही लागत नाही. वीस बोंडे आणि अर्धा तास लागतो.

तरीही हा अर्धा तास का दिला जात नाही, याचे कारण अज्ञानात जितके आहे तितकेच मनाच्या एका जुन्या सवयीत आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण दुसऱ्याच्या चुकीबद्दल सहज म्हणतो, पण फवारणीनंतर दोन दिवसांनी मावा-तुडतुडे कमी झाले तर त्याचे श्रेय औषधालाच देतो, मधल्या रात्री झालेल्या दणदणीत पावसाने ते धुऊन नेले असतील हे ध्यानात येत नाही. आपल्या समजुतीला पुष्टी देणारेच पुरावे मनात साठवण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात पुष्टीपूर्वग्रह म्हणतात. तिच्यावर उपाय सोपा असला तरी खर्चिक वाटतो. शेताच्या एका पट्ट्यात मुद्दाम फवारायचे नाही आणि आठ दिवसांनी दोन्हीकडची बोंडे उकलून पाहायची. ज्या मालकाने एकदा असा पट्टा सोडून पाहिला, त्याच्या पुढच्या सूचनेत अंदाज कमी आणि माहिती जास्त असते. राज्यात २००९ पासून चालू असलेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पाची कल्पनाही मुळात हीच आहे, की आधी गावोगाव मोजावे आणि मगच सल्ला द्यावा.

समजा मोजणी झाली आणि फवारणी करण्याचेच ठरले. आता सूचना देण्याचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे. एखाद्या औषधाच्या लेबलवर हेक्टरी एक लिटर औषध पाचशे लिटर पाण्यात, असे लिहिलेले आहे असे धरून चालू. मालक शेत एकरात मोजतो, दुकानदार डबे मोजतो, आणि मजूर पंप मोजतो. एका हेक्टरात सुमारे अडीच एकर धरले तर एकरी चारशे मिलिलिटर औषध आणि दोनशे लिटर पाणी लागते. पंधरा लिटरचा पंप असेल तर एकराला साधारण तेरा पंप आणि दर पंपाला तीस मिलिलिटर औषध. लेबलवरील एका ओळीतून पंपामागच्या तीस मिलिलिटरपर्यंत येण्यासाठी तीन रूपांतरे करावी लागतात, आणि ती कोणी करायची हे न ठरल्यामुळे अखेर डब्याच्या झाकणाचे माप चालते. झाकण किती मिलिलिटरचे आहे हे बहुधा कोणी पाहिलेले नसते, आणि पंप बदलला की पाण्याचे मान बदलते हेही मागे पडते. नेत्याचे काम ही तीन रूपांतरे स्वतः करून, मजुराच्या हातात खूण केलेले माप देणे हे आहे. ‘औषध बेताने टाक’ ही अपेक्षा नव्हे. ‘या मापाच्या या रेघेपर्यंत, दर पंपाला एकदा, यात दुसरे काहीही मिसळायचे नाही, वाऱ्याकडे तोंड करून मारायचे नाही, दुपारच्या उन्हाआधी थांबायचे, आणि डोळ्यांना धुरकट दिसू लागले किंवा मळमळले तर त्या क्षणी पंप खाली ठेवून सांगायचे, त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही’ ही अपेक्षा. हिच्यात परिमाण आहे, मर्यादा आहे, थांबण्याची खूण आहे आणि थांबल्यास शिक्षा नाही अशी हमी आहे.

ही हमी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अपेक्षा शब्दांनी जितक्या सांगितल्या जातात त्याहून जास्त पैशांनी सांगितल्या जातात. अनेक ठिकाणी फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. मालक तोंडाने ‘सावकाश, जपून कर’ म्हणतो आणि हिशेब मात्र जास्त पंप मारणाऱ्याला जास्त पैसे देतो, तेव्हा मजुराला दोन सूचना मिळालेल्या असतात आणि घरी पीठ संपलेले असताना त्याने दुसरीच पाळणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्याला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. संघटनाशास्त्रात घोषित अपेक्षा आणि बक्षिसातून व्यक्त होणारी अपेक्षा असा भेद करतात, आणि दोहोंत विरोध असेल तेव्हा माणसे दुसरीनुसार वागतात, हे कार्यालयापासून कारखान्यापर्यंत सर्वत्र आढळते. फवारणीपुरती तरी मजुरी दिवसावर ठरवणे ही मारेगाव परिसरातील शेतमालकाने घेता येण्याजोगी सर्वांत परिणामकारक सुरक्षिततेची पायरी आहे, आणि तिचा खर्च रुग्णालयाच्या एका फेरीपेक्षा निश्चितच कमी आहे.

भाषेचा मुद्दाही येथे टाळता येत नाही. मारेगाव, झरी जामणी, केळापूर या पट्ट्यात कोलाम आणि गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. कोलाम हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी एक असून त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविडी कुळातील भाषा आहेत. मराठीतून दिलेली सूचना पोडावरून आलेल्या मजुराने मान डोलावून ऐकली, याचा अर्थ ती त्याला कळली असा होत नाही, तो मालकाचा मान राखत असतो एवढाच होतो. म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘आता मला सांग, दर पंपाला किती टाकशील आणि कशाने थांबशील?’ असे विचारून सूचना उलट सांगून घेणे ही पद्धत रुग्णालयांत आणि विमानांच्या नियंत्रणकक्षांत नियम म्हणून पाळली जाते. उत्तर चुकले तर चूक सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे, असे त्या पद्धतीत मानले जाते, आणि नेतृत्वाच्या दृष्टीने हे गृहीतक फार मोलाचे आहे.

स्पष्ट आज्ञेची परंपरा मराठी मुलखाला परकी नाही. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेल्या त्या पत्रात साठवलेला दाणा व वैरण पुरवून वापरा, एवढेच सांगून महाराज थांबत नाहीत. आज बेफामपणे खर्च केला तर ऐन पावसात काही उरणार नाही, मग घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील, आणि मग रयतेला मोगल बरे वाटतील, अशी परिणामांची साखळी ते कड्या न गाळता मांडतात. आगीबद्दल सांगतानाही ते चुलीचा, तंबाखू ओढणाऱ्यांचा, रात्री जळत राहिलेल्या दिव्याचा उल्लेख करतात, आणि उंदराने पेटती वात ओढून नेली तर वैरणीच्या गंजीपर्यंत आग कशी पोहोचेल, इथपर्यंत कल्पना करतात. ‘सावध राहा’ या दोन शब्दांनी जे साधले नसते ते उंदराच्या त्या उल्लेखाने साधते, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दिवा विझवून झोपण्याचे कारण डोळ्यांनी दिसते. एवढा तपशील दुसऱ्याला देता येण्यापूर्वी आज्ञा देणाऱ्याने तो प्रसंग स्वतःच्या मनात आरंभापासून अंतापर्यंत पाहिलेला असावा लागतो. चिकित्सा आणि स्पष्टता ही एकाच कामाची दोन टोके आहेत असे वर म्हटले, त्याचे मराठीतील इतके चांगले उदाहरण दुसरे आठवत नाही.

मात्र कारण समजले आणि तरीही कृतीचे परिमाण हाती नसले, तर काय करावे? याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यात मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे एका मिनिटातील श्वासांवरून ओळखता येते. दोन महिन्यांखालील बाळाचे साठ किंवा अधिक आणि त्यावरील बाळाचे पन्नास किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण मानली गेली. परंतु गावातील सुइणींना पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नव्हते. त्यांना अंक शिकवण्यात वर्षे घालवण्यापेक्षा तेथे एक साधे उपकरण बनवले गेले. त्यात एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोठ्या बाळासाठीच्या ओळीत चार हिरव्या मण्यांनंतर लाल मणी, लहान बाळासाठीच्या ओळीत पाच हिरव्यांनंतर लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. दहापर्यंतची मोजणी त्या बायकांना येत होती, आणि तेवढ्यावर एक वैद्यकीय निकष त्यांच्या बोटांत आला. पुढे याच संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. अपेक्षा स्पष्ट करणे म्हणजे काम करणाऱ्याला येत असलेल्या गोष्टींच्या भाषेत ती बसवणे, हे त्या लाल मण्याने दाखवून दिले. फवारणीच्या मापावर ओढलेली लाल रेघ हीही त्याच जातीची गोष्ट आहे.

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत सूचना वरून खाली जाते. चिकित्सा खालून वर यायची असेल तर नेत्याला वेगळी व्यवस्था करावी लागते, आणि तिचा एक जगप्रसिद्ध नमुना ज्याच्या पुढाकाराने तयार झाला त्या शल्यविशारदाचे मूळ यवतमाळ जिल्ह्यातच आहे. अमेरिकेत वाढलेल्या डॉ. अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे हे उमरखेड तालुक्यातील उटी गावचे. डॉ. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणीसूची तयार केली आणि दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या सूचीतील बहुतेक मुद्दे, जसे की रुग्ण तोच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, हे कोणत्याही शल्यविशारदाला ठाऊक असतातच. पण त्यात एक मुद्दा असा आहे की चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. वरवर तो शिष्टाचार दिसतो, परंतु एकदा स्वतःच्या आवाजात बोललेली परिचारिका पुढे काही चुकताना दिसले तर गप्प राहण्याची शक्यता कमी होते. सर्वांत कनिष्ठ माणसाला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क आहे, हे तेथे भाषणाने न सांगता रीतीने सांगितले जाते. धुऱ्यावर हीच रीत आणायची तर मालकाने सकाळी मजुरालाच विचारले पाहिजे, की काल फवारताना काय त्रास झाला, वारा कुठून होता, पंप गळत होता का. पाठीवर गळणारा पंप मालकाच्या कधीच लक्षात येत नाही, कारण तो त्याच्या पाठीवर नसतो.

विचार करण्याची जागा आणि निर्णय घेण्याची जागा वेगळी ठेवल्यानेही चिकित्सेला धीर येतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले अभ्यासगट केवळ समजून घेण्यासाठी बसतात आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तो अशा अनेक वर्षांच्या बैठकांच्या पायावर. अभ्यासगटात शंका काढणारा कोणाचा विरोधक ठरत नाही, कारण तेथे जिंकायचे काही नसते. मारेगाव तालुक्यातील काही गावेही अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना विशेष अधिकार दिलेले आहेत. खरिपापूर्वी एक संध्याकाळ कीड, औषध आणि फवारणी यांचा अभ्यास करण्यासाठी बसावे, याला कोणत्याही वरच्या आदेशाची गरज नाही.

तेथे जे समजेल ते मजुराला सांगण्याची जागाही आधीच आहे, कारण विदर्भात सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल गुढीपाडव्याला ठरते. वर्षाची रक्कम, धान्य, उचल, सुट्या यांची बोलणी त्या दिवशी चार माणसांसमक्ष होतात, आणि लेखी काही नसले तरी वर्षभर दोन्ही बाजू ती पाळतात. अपेक्षा आधी, तोंडावर आणि साक्षीने सांगाव्यात, हे शहाणपण या रीतीत पूर्वीपासून आहे. त्या बैठकीत फवारणीविषयी मात्र आजवर फारसे बोलले जात नाही, कारण पाडवा चैत्रात येतो आणि अळी भाद्रपदात. मारेगावच्या आणि शेजारच्या तालुक्यांतील शेतमालकांनी येत्या पाडव्यापासून या बोलण्यांत आणखी चार गोष्टी घालाव्यात. वीस बोंडे उकलल्याशिवाय पंप भरायचा नाही. औषधाचे माप मालक देईल, झाकणाने मोजायचे नाही. फवारणीची मजुरी दिवसावर राहील. आणि सालदाराने ‘आज नको’ म्हटले तर त्या दिवशी फवारणी होणार नाही.